फुलीच्या टाक्यातला बहाद्दर

भोरच्या बाजारपेठेत जैतूनखालांच्या शिलाईच्या दुकानात शिरणारी बाई आधी पिशवीतून कापड काढत नसे. आधी विचारी, ‘‘खाला, बहाद्दर जिता हाय का मेला?’’ जिता असेल तर माप द्यायचे. मेला असेल तर ‘उद्या येते’ म्हणून माघारी फिरायचे. बहाद्दर मेल्याच्या दिवशी मापे घेतलेले ब्लाउज घट्ट होतात, असा गावाचा अनुभव होता. माझ्या बहिणीचे दोन ब्लाउज असे झाले, म्हणून मीही तो खरा मानतो.

बहाद्दर हा टीव्हीवरच्या गेममधला तलवारवाला. गेमचे खरे नाव काय, हे भोरात कुणालाच माहीत नव्हते. खोक्यावरचा मजकूर चिनी होता की जपानी, यावरही एकमत नव्हते. नायकाला ‘बहाद्दर’ आणि शेवटी भेटणाऱ्या शिंगवाल्या राक्षसाला ‘शिंग्या’ ही नावे खालांनी ठेवली आणि ती टिकली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा गेम खालांच्या धाकट्या भावाने, इक्बालने, मस्कतहून आणला. तिथे तो वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करी. खालांपेक्षा तो चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, खालांना वैधव्य त्याहून लवकर आले, तेव्हा भावाला त्यांनीच वाढवले होते. इक्बालने एकसारखे दोन संच घेतले, एक स्वतःच्या खोलीवर ठेवला आणि एक दुकानातल्या टीव्हीला जोडून दिला. ‘‘आपा, एक आठवडा तू खेळ, एक आठवडा मी. जिथं तू सोडशील तिथनं मी पुढं. शिंग्याला मात्र दोघांनी मिळून मारायचं. मी रजेवर आलो की,’’ असे त्याने ठरवून दिले. खालांनी हा ठराव पुढची पंधरा वर्षे पाळला. त्यांच्या लेखी तो गेम नव्हताच. ती भावाची दर आठवड्याची हजेरी होती.

ही व्यवस्था चाले कशी, ते सांगायला हवे. त्या काळच्या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. एक टप्पा संपला की पडद्यावर खुणेची चित्रे येत. चांद, मासा, तलवार, दिवा, अशी आठ चित्रे एका ओळीत. पुढच्या वेळी तीच ओळ भरली की खेळ तिथून सुरू होई. खाला ही चित्रे कागदावर लिहून ठेवत नसत. मॅटीच्या कापडाची पट्टी घेऊन त्यावर ती फुलीच्या टाक्याने भरत. ‘‘कागद हरवतो. टाका कुठं जातोय?’’ असे त्यांचे म्हणणे. शिवाय पडद्यावरचा चांद चौकोनी ठिपक्यांचाच असे. एक ठिपका, एक फुली. चित्र कापडावर जसेच्या तसे उतरे. गेमच्या पहिल्या भागातल्या बहाद्दरकडे बोट दाखवून त्या मला, गावच्या बातमीदाराला, म्हणाल्या होत्या, ‘‘पेपरवाले, हा माणूस न्हाई. हा फुलीचा टाका हाय. पण ज्यानं भरलाय त्याचा हात बरा हाय.’’

गेम एखाद्या कंपनीत तयार होत असेल, हे त्यांना पटत नसे. तिकडे एक टेलर आहे आणि तो हळूहळू शिकतो आहे, अशी त्यांची पक्की धारणा होती.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मोहित्यांच्या फोनच्या दुकानात इक्बालचा फोन येई. खाला पट्टी घेऊन आधीच स्टुलावर बसलेल्या असत. ‘‘लिव. चांद. चांद. मासा. उलटी तलवार. दिवा. मासा. परत चांद. भांडं.’’ त्यानंतर दोन मिनिटे ख्यालीखुशाली. नंबर लावून बसलेल्या मंडळींत आकडा लावायचा नाद असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी ही यादी सलग तीन शुक्रवार उतरवून घेतली आणि चौथ्या शुक्रवारी धीर करून विचारले, ‘‘खाला, मासा म्हंजी पाच धरायचा का सहा?’’

‘‘मासा म्हंजी मासा,’’ खाला म्हणाल्या. ‘‘आन् मागच्या बारीला तुमी तिसऱ्या घरात दिवा लिवला व्हता. तितं भांडं व्हतं. लिवायचं तर नीट लिवा.’’

पुढे इक्बालने गेमचा दुसरा भाग आणला, तेव्हा लग्नसराईत घोटाळा झाला. किकवीच्या शेवंताबाईंच्या पुतणीचे लग्न होते. त्यांच्या ब्लाउजच्या बाह्यांना नक्षीचा काठ लावायचा होता. काठ आणि खुणांच्या पट्ट्या एकाच टोपलीत असत. गुरुवारी संध्याकाळी ब्लाउज गेला. शुक्रवारी सकाळी खालांनी पट्टी शोधली तेव्हा टोपलीत शेवंताबाईंचा काठ तसाच पडलेला होता. सहाव्या टप्प्याची खूण किकवीला पोचली होती, आणि तीन वाजता फोन येणार होता.

खाला मिळेल त्या एसटीने निघाल्या. त्या दिवशी त्याच लग्नाला मीही चाललो होतो, म्हणून पुढचा प्रकार मला प्रत्यक्ष पाहायला मिळाला. मांडवात हळद चालू होती. शेवंताबाई हातात तांब्या घेऊन लगबगीत होत्या. खालांनी त्यांना खांबाशी गाठले.

‘‘शेवंता, हात वर कर.’’

‘‘का गं? काखंत उसावलं का काय?’’

‘‘वर कर म्हणते न्हवं?’’

शेवंताबाईंनी तांब्यासकट हात वर केला. खाला त्यांच्याभोवती फिरून बाही वाचू लागल्या. अर्धी खूण डाव्या बाहीवर होती, अर्धी उजव्या. ‘‘दिवा… दिवा… तलवार… मासा… आता दुसरा.’’

‘‘लई आवडली बग नक्षी समद्यांना,’’ शेवंताबाई दोन्ही हात वर ठेवूनच म्हणाल्या. ‘‘वरमाय इचारत व्हती, कुटली हाय म्हून. म्या म्हटलं, आमच्या भोरची.’’

‘‘भोरची न्हाई. शिंग्याच्या वाड्याची हाय,’’ खाला म्हणाल्या आणि परतीच्या एसटीसाठी धावल्या. तीन वाजता त्या स्टुलावर होत्या. पुढच्या महिन्यात किकवीहून त्याच काठाच्या सात ब्लाउजांची मागणी आली. ती त्यांनी पुरवली, पण प्रत्येक पट्टीत एक मासा मुद्दाम उलटा भरला. खरी खूण कुणाच्याही अंगावर जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या भागात बहाद्दरला झगा आला होता आणि त्याला सावल्या आल्या होत्या. ‘‘झग्याचा झोल बरोबर पडलाय,’’ असा शेरा खालांनी दिला. त्या वर्षी इक्बाल रजेवर आला, भावाबहिणीने मिळून शिंग्याला मारले आणि आळीत बर्फी वाटली.

तिसरा भाग दशकाच्या शेवटाला, कॅसेटऐवजी तबकडीवर आला. चित्र सपाट राहिले नव्हते. बहाद्दरला आता सगळ्या बाजूंनी पाहता येई. खालांनी त्याला गर्रकन फिरवला आणि पहिल्यांदाच त्याची पाठ पाहिली. ‘‘पाठीला बटण न्हाई, चेन न्हाई. मग ह्यो झगा घालतो कसा?’’ बहाद्दर चालू लागला तसा झगा त्याच्या पायातून आरपार जाऊ लागला. खालांनी कपाळाला हात लावला. ‘‘टेलरनं जागा बदलली वाटतं. नव्या मशीनीवर बसलाय. हात बसंल हळूहळू.’’

खरी अडचण झग्याची नव्हती. नव्या संचाबरोबर काडेपेटीएवढे एक कार्ड आले होते. इक्बाल कौतुकाने म्हणाला, ‘‘आपा, आता खुणा भरायच्या न्हाईत. खेळ आपोआप ह्याच्यात ऱ्हातो. तुझ्या कार्डात तुझा, माझ्या कार्डात माझा.’’

‘‘मग मी तुला शुक्रवारी सांगू काय?’’ खालांनी विचारले.

इक्बाल हसला. त्याला तो विनोद वाटला होता.

त्यानंतरचे फोन मी ऐकले आहेत, कारण बातम्या पाठवायला मी मोहित्यांच्या दुकानातच बसत असे. ‘‘जेवलास?’’ ‘‘जेवलो.’’ ‘‘बरा हायस?’’ ‘‘बरा हाय.’’ मग नुसती खरखर. दर आठवड्याचा फोन पंधरवड्यावर गेला, पुढे महिन्यावर. एकदा इक्बाल सहज बोलून गेला की खोलीवरच्या मित्रांनी आग्रह केला म्हणून त्याने शिंग्याला मारून टाकला. खाला म्हणाल्या, ‘‘चांगलं केलंस.’’ त्या आठवड्यात भोरातले बरेच ब्लाउज परत आले.

चौथा भाग इक्बालने पाली गावच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. तोपर्यंत मोबाईल आले होते, मोहित्यांचे दुकान झेरॉक्सचे झाले होते आणि खाला साठीला आल्या होत्या. या भागात झगा वाऱ्यावर हलत होता, ओला झाला की अंगाला चिकटत होता. ‘‘शिकला,’’ खाला म्हणाल्या. त्यांच्या तोंडून टेलरविषयी यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकली नाही.

त्या एकट्याच खेळत गेल्या आणि शिंग्याच्या दारापाशी थांबल्या. तिथे खेळ साठवला, कार्ड काढले, इक्बालसाठी एक कुर्ता शिवला आणि कार्ड त्याच्या कॉलरमध्ये घालून शिलाई मारली. पालीचा तो माणूस मस्कतला परत निघाला, त्याच्याकडे कुर्ता दिला. इक्बालला फोनवर एवढेच सांगितले, ‘‘कॉलर उसव.’’

‘‘आत काय पाठवलंय?’’ मी विचारले.

‘‘माझा सगळा खेळ. बगू काय करतो. दार उघडून एकटाच आत गेला, तर समजायचं, आमचं दोघांचं संपलं. खेळलाच न्हाई, तरी संपलं.’’ हे त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता सांगितले. दोरा तीनदा चुकला.

आठ महिन्यांनी खजुराच्या डब्यातून कार्ड परत आले. मी पायजमा आखूड करायला टाकला होता, तो न्यायला गेलो तेव्हा खाला ते संचात घालत होत्या. पडदा उजळला. बहाद्दर शिंग्याच्या दारासमोर उभा होता. त्यांनी सोडला त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून.

‘‘खेळलाच न्हाई,’’ खाला म्हणाल्या.

मी कोपऱ्यातले आकडे वाचले. किती वेळ खेळ झाला ते तिथे दिसते. खाला दारापाशी थांबल्या तेव्हा मी पाहिला होता, त्याहून तो साठ तासांनी जास्त होता. मी तसे सांगितले. खालांनी चष्मा वर केला आणि बहाद्दरची झोळी उघडली.

झोळी औषधाच्या कुप्यांनी भरलेली होती. नव्व्याण्णव कुप्या. त्याहून जास्त मावत नाहीत. तलवारीला शेवटची धार लावलेली होती. कमरेला जादा जिवाचे सगळे ताईत होते. हे मिळवायला मागच्या जंगलात तीच ती भुते पुन्हा पुन्हा मारावी लागतात. साठ तास इक्बालने तेवढेच केले होते, आणि मग बहाद्दरला आणून दारासमोर होता तसा उभा केला होता.

खाला बराच वेळ कुप्यांच्या रांगांवरून बोट फिरवत राहिल्या.

‘‘माझं बोट आता येळंवर दबत न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्या कुणाला बोलले न्हवते. ह्याला कुणी सांगितलं?’’

मी सांगितले नव्हते. मलाही ते माहीत नव्हते.

‘‘मग उघडता का दार?’’ मी विचारले. ‘‘आता काय, हरायचा प्रश्नच नाही.’’

‘‘त्याला रजा मिळू द्या की. येवढी घाई कसली?’’

त्यांनी बहाद्दरला दारापासून वळवले. बाजूला ओसरीवर एक शेकोटी होती, तिथे नेऊन त्याला बसवले. मग टीव्ही चालूच ठेवून त्यांनी माझा पायजमा घडी करून पिशवीत घातला, स्टूल पडद्याजवळ ओढले आणि एका परकराला हातशिलाई घालायला बसल्या.