बरणीच्या गळ्यातलं पाणी

बरणीतलं पाणी मेल्याचं फेंग मिस्त्रींना कळलं ते एका सकाळी, झाकण उचलल्यावर. आधी वास आला. मग वरची पांढरी बुरशी दिसली आणि तिच्याखाली युफेननं स्वतः घातलेल्या मिरच्या, लगदा झालेल्या. मिस्त्रींनी झाकण ठेवून दिलं. जरा थांबून पुन्हा उचललं. आत तेच होतं.

मिस्त्रींची बायको युफेन थंडीच्या सुरुवातीला वारली होती. ती सिच्वानची. लग्न होऊन शांघायला आली तेव्हा आईच्या बरणीतलं हे खारं पाणी औषधाच्या बाटलीत भरून, आगगाडीत मांडीवर धरून घेऊन आली होती. विरजणासारखं काम करायचं ते. त्यात मुळा टाका, कोबी टाका, चार दिवसांत आंबट कुरकुरीत लोणचं तयार. मिस्त्रींचा जन्म बसडेपोत इंजिनं उघडण्यात गेला. स्वयंपाकातलं त्यांना एवढंच माहीत होतं, की बरणीच्या गळ्याभोवती जी खोल कड असते तिच्यात पाणी भरलेलं पाहिजे. झाकण त्या पाण्यात बसतं, मग हवा आत जात नाही. "तेलकट चमचा घालू नका आणि कड सुकू देऊ नका," असं युफेननं हॉस्पिटलात दोनदा सांगितलं होतं. घर कसं चालवायचं, दिवस कसे काढायचे, याबद्दल ती काही बोलली नाही. फक्त कड.

मिस्त्री दर रविवारी कड भरत. लॉकडाऊन लागला आणि रविवार कुठला आणि बुधवार कुठला ते कळेनासं झालं. पण त्यांनी दुर्लक्ष केलं नव्हतं. कड नुसती सुकलेली नव्हती. ती पुसून लख्ख केलेली होती आणि तिला औषधाचा वास येत होता.

मग त्यांना आठवलं. काही दिवसांपूर्वी शेनबाई तपासणीला आल्या होत्या. शेनबाई म्हणजे इमारतीच्या प्रमुख स्वयंसेविका. पांढरा पोशाख, पाठीला फवारणीचा पंप, चेहऱ्याचे नुसते डोळे दिसायचे. लॉकडाऊनमध्ये जिन्यावरून फिरायची मुभा फक्त त्यांना होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली होती. जाताना दारातून ओरडल्या होत्या, "मिस्त्री, स्वयंपाकघरातलं साचलेलं पाणी मी काढून टाकलंय हं! डास होतात!" मिस्त्रींना वाटलं, नळाखालची बादली.

आता रागावून उपयोग नव्हता. मिस्त्रींनी डेपोतल्यासारखा विचार केला. एक पार्ट गेला, तर तसाच पार्ट कुणाकडे आहे? युफेननं इमारतीत पाचसहा घरी तरी हे पाणी दिलं होतं. तेच थोडं परत आणायचं, की झालं. त्यांनी चष्मा लावला आणि इमारतीच्या ग्रुपवर आयुष्यातला पहिला मेसेज टाकला: "लोणच्याचं जुनं पाणी पाहिजे. फेंग, तिसरा मजला."

इथे त्यांची चूक झाली. त्या दिवसांत सगळी खरेदी ग्रुपवरच चाले. अंडी असोत नाहीतर साबण, पुरेशा लोकांची नावं जमली की गाडी येई. त्यामुळे मेसेजमध्ये 'पाहिजे' दिसलं, की लोक खाली घरनंबर टाकून मोकळे होत. काय मागवलंय ते मागाहून बघू, आधी नंबर तर लागू दे.

"५०१, दोन बरण्या."

"२०३, एक. तिखट आहे का?"

"६०२, तीन. आईसाठी पण."

मिस्त्रींनी घाईघाईनं लिहिलं, "मी विकत नाही. मला पाहिजे आहे."

"आम्हालाही पाहिजे आहे, मिस्त्री. नाव टाका," पाचव्या मजल्यावरच्या जियाजियानं लिहिलं. "सरकारनं एवढा कोबी दिलाय की बाळाला झोपवायला जागा नाही."

दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीचा नंबर लागला. संध्याकाळी शेनबाईंच्या फेरीबरोबर मिस्त्रींच्या दाराच्या कडीला घराघरांतून आलेल्या पिशव्या लटकू लागल्या. आलं, लसूण, एकीत चक्क कोकाकोलाची बाटली. त्या दिवसांत कोकाकोला कुणी असाच देत नसे. लोक मिस्त्रींना आगाऊच खूश करत होते.

खिडकीतून वरच्या मजल्यावरच्या डिंगची हाक आली. "अरे मिस्त्री! माझी एक बरणी धर!"

"बाबा रे, माझ्याकडे नाहीये! तुझ्याकडे आहे का विचारतोय! युफेननं तुला दिलं होतं की नाही?"

"ते होय? आहे की! सरळ विचारायचं ना. उगाच ग्रुपवर नाटकं कशाला?" डिंग आत गेला. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग डोकं पुन्हा बाहेर आलं. "मिस्त्री, यात काहीतरी पांढरं पोहतंय."

मिस्त्रींनी डोळे मिटले. "शेनबाई आल्या होत्या का तुझ्याकडे?"

"आल्या होत्या की. साचलेलं पाणी स्वतः काढून गेल्या. फार कामसू बाई."

पाचव्या मजल्यावरून बुरशीचा फोटो आला. दुसऱ्या मजल्यावरूनही आला. सहाव्यावाल्यांनी फोटो न पाठवता फक्त लिहिलं, की आई रडतेय. पण यादीतून नाव मात्र कुणीच काढलं नाही. उलट ज्यांच्या बरण्या मेल्या त्यांनी आकडा वाढवला.

दुसऱ्या दिवशी शेनबाई दारात उभ्या. "फेंग मिस्त्री, परवानगीशिवाय खरेदी चालवलीय तुम्ही? मला वर कळवावं लागेल. माल कुठून येणार? निर्जंतुक केलाय का?"

"केलाय!" मिस्त्री म्हणाले. "तुम्हीच केलाय. असा केलाय की त्यात काही जिवंत उरलं नाही."

"म्हणजे?"

मिस्त्रींनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि झाकण उचललं. शेनबाईंनी मास्कवरून नाकाला हात लावला.

"कडेत पाणी होतं ते कुलूप होतं, बाई. तुम्ही कुलूप काढून नेलंत. माझं काढलंत, डिंगचं काढलंत, अख्ख्या इमारतीचं काढलंत."

"साचलेल्या पाण्यात डास होतात. नियम आहे."

"या थंडीत? डासांनी स्वेटर घालून यायचं का? आणि कळवायचंच असेल तर नीट कळवा. म्हणावं, या माणसाकडे विकायला काही नाही आणि सगळी इमारत त्याच्याकडे रांगेत उभी आहे."

शेनबाई पुढे वाकल्या. बरणीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "युफेनताईंची का ही?"

"तिचीच."

त्या पंप सावरत निघून गेल्या. दार लावायचं विसरल्या. असं पहिल्यांदाच झालं.

दोन दिवस मिस्त्रींनी ग्रुप उघडला नाही. पिशव्या परत करायच्या तरी कशा? जिन्यावर जायची बंदी. परत नेऊन द्यायचं काम फक्त शेनबाई करू शकत होत्या आणि त्या तिसऱ्या मजल्यावरून मान खाली घालून जात होत्या. कोकाकोलाची बाटली टेबलावर तशीच उभी होती. ती प्यायली तर बरण्या द्यायची कबुली, नाही प्यायली तरी लोक रोज विचारणार, "मिस्त्री, कुठवर आलं?"

तिसऱ्या दुपारी दारावर टकटक झाली. शेनबाई. हातात कचऱ्याची काळी पिशवी. त्यांनी जिन्यावर वरखाली बघितलं आणि पिशवी पुढे केली. आत फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली होती. मिस्त्रींनी बूच काढलं. वास आला. आंबट, तिरफळासारखा, स्वच्छ. मिस्त्री खुर्चीवर बसले.

"कुठून आणलंत?"

"माझ्या घरातलं. ताईंनी दिलं होतं, माझी मुलगी जेवत नव्हती तेव्हा."

"पण कडेतलं पाणी?"

"भरलेलं आहे. काठोकाठ."

"सगळ्या इमारतीची तपासणी केलीत ना तुम्ही?"

शेनबाईंचे डोळे जमिनीकडे गेले. "उजाडताच बाहेर पडते ती अंधार पडल्यावर घरी. माझं घर तपासायला मला वेळ कुठाय?" मग एकदम आवाज चढला. "आणि हे ग्रुपवर टाकायचं नाही हं मिस्त्री! शेनबाईंच्या घरात साचलेलं पाणी, असं झालं तर इमारतीत माझं कोण ऐकेल?"

"आत्ता तरी कोण ऐकतंय?" मिस्त्री म्हणाले. पण त्यांनी टाकलं नाही.

पाणी उकळून, मीठ घालून, गार करून त्यात ते विरजण कसं लावायचं हे शेनबाईंनी दारात उभं राहून सांगितलं. मिस्त्रींनी मोठ्या काचेच्या भांड्यात लावलं. ते जमलं तेव्हा डिंगनं वरून कपडे वाळत घालायच्या बांबूला दोरी बांधून बाटली खाली सोडली. मग बाकीच्या बाटल्या आल्या. शेनबाई त्या मजल्यामजल्यावर नेऊन पोचवत होत्या आणि प्रत्येक घरी स्वतःच्या हातानं कडेत पाणी भरत होत्या. विचारलं तर म्हणत, "नवीन नियम आहे."

"मिस्त्री, अगदी वहिनींच्या हातचं!" डिंग खिडकीतून तोंडात कोबी कोंबत ओरडला. "आता पुढच्या वेळी अंडी मागव!"

लॉकडाऊन उठला. लोक खाली उतरले, उगाच चालत सुटले. शेनबाईंनी पांढरा पोशाख उतरवला, तेव्हा त्यांचे केस निम्मे पिकलेले असल्याचं इमारतीला कळलं. तपासण्या मात्र चालूच राहिल्या. मिस्त्रींच्या स्वयंपाकघरात आल्या, की त्या आधी काचेच्या भांड्याकडे बघतात, मग कोपऱ्यातल्या जुन्या बरणीकडे.

"अजून तसंच आहे का आत? बरणी घासून, दारूनं पुसून नवं पाणी भरायचं, सांगितलं होतं ना मी?"

"उद्या करतो."

"हे साचलेलं पाणी आहे, मिस्त्री. नियमानं मला काढावं लागेल."

"उद्या."

शेनबाई पेन काढतात. मग वहीत तपासणीची खूण करून पुढच्या घरी जातात. बरणीच्या कडेत मिस्त्री दर रविवारी पाणी भरतात. आतलं पाणी, युफेनच्या मिरच्यांसकट, अजून ओतून द्यायचं राहिलं आहे.