इनासमामांची मुक्कामी गाडी

फादरांच्या तोंडातलं ‘आमेन’ पुरतं बाहेर पडायच्या आत दाराच्या चौकटीवर टक टक असे दोन आवाज यायचे आणि पाठोपाठ हाळी, “डबल! चला, पुढं सरका.” मग फादर असोत नाहीतर साक्षात बिशप, चपला पायात सरकवून पुढच्या घराकडं निघावंच लागायचं.

आमचे इनासमामा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले ते फक्त कागदावर. उभा जन्म घंटीची दोरी ओढण्यात गेलेला. दोरी सुटली तसं त्यांनी रुपयाचं नाणं हातात धरलं आणि दिसेल त्या लाकडावर वाजवायला सुरुवात केली. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, फादरांचं प्रवचन लांबलं की मागच्या बाकावर एक टिचकी पडायची. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे सुटा, हे चर्चमधल्या पोराटोरांनाही पाठ होतं.

ईस्टर झाला की फादर घरोघर येतात, प्रार्थना करतात, पवित्र पाणी शिंपडून घराला आशीर्वाद देतात. आता कोल्हापुरात आमची घरं म्हणजे भेळेतले शेंगदाणे. एक लाइन बाजारात, दोन कसबा बावड्यात, मधे सगळं दुसऱ्यांचं गाव. प्रत्येक नवा फादर पहिल्या वर्षी हमखास चुकायचा. म्हणून नव्वद सालाच्या सुमाराला आमच्या भागाचा फेरा मामांनी आपणहून अंगावर घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, आणि नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. खांद्याला जुनी चामड्याची पिशवी, तिच्यात चिल्लरीच्या जागी पवित्र पाण्याची बाटली. पुढं मामा, मधे फादर, मागं गाणी म्हणायला मी. मी शाळेत शिकवते, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, एवढीच माझी पात्रता.

फेऱ्याचा नियम एकच. कुणाकडं चहासुद्धा घ्यायचा नाही.

या नियमापायी बायकांनी मामांना किती शिव्याशाप दिले असतील, देव जाणे. कॅथरीनबाईंनी काजू घालून केक केलेला असायचा, फादरांचा हात बशीकडं निघालेला असायचा, आणि चौकटीवर टक टक. “दोन मिनिटांचा थांबा हाय, बाई. ही काय जेवणाची गाडी न्हवं.” फादर बिचारे हात तसाच वर नेऊन आशीर्वाद द्यायचे. मला तर भयंकर राग यायचा, कारण त्यांच्याबरोबर माझाही केक जायचा. एकदा मी तोंडावर विचारलं, तर मलाच सुनावलं, “चाळीस दिस उपास केलासा, आनि आठवड्यात फुगाय लागलासा व्हय?” बोलायचा अधिकार होता म्हणा त्यांना. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मामा मटणाला शिवत नसत, आणि कोल्हापुरात राहून चाळीस दिवस मटण सोडणं ही काय खायची गोष्ट नाही.

पण माणूस कडक होता म्हणून कोरडा नव्हता. एका वर्षी बावड्यात एका गोठ्यापाशी पाटीलअण्णा उभे होते. त्यांचा आणि आमच्या चर्चचा काडीचा संबंध नाही. फादरांना म्हणाले, “ओ पावणं, आमच्या म्हशीवर बी जरा मारा की. दुधाला आटलीया.” फादरांनी मामांकडं बघितलं. मामांनी गंभीरपणे म्हशीला पायापासून शिंगापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “मारा फादर. म्हशीला फुल तिकीट, रेडकाला हाफ.” म्हशीवर दोनदा पाणी पडलं, रेडकावर एकदा. दूध वाढलं की नाही ठाऊक नाही, पण पुढं दरवर्षी अण्णा गोठ्याच्या तोंडाशी टोपी नीट करून उभे असायचे.

मामांचं घर चर्चच्या मागच्याच गल्लीत. चर्चमधून निघालं की पहिलं तेच लागायचं. पण फेऱ्यात ते सगळ्यात शेवटी. “कंडक्टर शेवटाला उतरतो,” असं त्यांचं शास्त्र. दिवेलागणीला फादरांना घेऊन ते गल्लीत वळले की मी कोपऱ्यावरून घरी सटकायची. फादर तिथं जेवतात एवढं ऐकून होते. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, मटण मामाच करायचे. वाटेनं मात्र कुरुंदवाडच्या मुक्कामी गाडीच्या गोष्टी सांगायचे. रात्री गाडी गावातच थांबायची, पहाटे परत निघायची. “मी आनि ड्रायवर एका ताटात जेवायचो. घाई न्हाय, घंटी न्हाय,” म्हणायचे.

मग आमच्याकडं फादर विल्सन आले. वसईचे, तरुण, टापटिपीचे. त्यांनी फेऱ्याचा रस्ता बघितला आणि म्हणाले, चर्चजवळचं घर आधी घेऊ, उगाच वळसा कशाला? बोलणं अगदी रास्त होतं. मामा एवढंच म्हणाले, “तुमी ड्रायवर, फादर.”

दुपारी तीनला आम्ही मामांच्या घरात. टेबलावर दोन ताटं उपडी घातलेली, चुलीकडून रश्श्याचा वास. मामा म्हणाले, “फादर, दोन घास...” फादर विल्सन हसले, त्यांनी स्वतःच चौकटीवर टक टक केलं आणि म्हणाले, “डबल! नियम म्हणजे नियम, मामा.” आम्ही सगळे हसलो. मामाही हसले आणि पिशवी खांद्याला लावून बाहेर पडले.

त्यानंतर फेरा संपेपर्यंत नाणं खिशातून निघालं नाही. कॅथरीनबाईंनी केक पुढं केला, मामा बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्या मला म्हणाल्या, मामांना बरं नाही का? पण ही संधी कोण सोडतंय! केक झाला, शंकरपाळ्या झाल्या, भजी झाली, पुढच्या घरी पोहे आले. फादर भिडेपोटी सगळीकडं खात होते, मी मनापासून खात होते. आणि पोह्यांची बशी हातात असतानाच माझ्या डोक्यात उजेड पडला, की इतकी वर्षं फादरांचं पोट कुणासाठी रिकामं ठेवलं जात होतं. मी बशी खाली ठेवली. मला फार वाईट वाटलं.

मामा पुढं चालत होते तेवढ्यात मी फादरांना सांगितलं. ते एकदम जागीच थांबले. पोटावर हात ठेवून म्हणाले, “टीचर, आता माझ्यात पाण्याचा घोटही मावणार नाही.” पण फेरा संपल्यावर ते सरळ मामांच्या मागोमाग गल्लीत वळले. मीही घरी सटकले नाही.

ताटं तशीच उपडी होती. मामांनी ती सुलटी केली, माझ्यासाठी तिसरं आणलं, रस्सा गरम केला, वाढलं. फादरांनी पहिला घास घेतला आणि चावतच राहिले. कपाळावर घाम. माझीही तीच गत. मामांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“ऱ्हाऊ द्या फादर,” ते म्हणाले. “जेवू नगासा. निस्तं बसा. गाडी मुक्कामी हाय.”

फादरांनी ताट बाजूला केलं आणि खुर्चीत मागं रेलून बसले. मग मामांनी स्वतःच्या ताटात वाढून घेतलं आणि आमच्या समोर बसून, दोनदा रस्सा घेत, पोटभर जेवले.