लाल दोऱ्याचा मध

पेशवाईतल्या पुण्यात दीनानाथांच्या दुकानी मधाचं गाव दोऱ्यावरून ओळखायचं. गाडग्याच्या गळ्यात लाल दोरा म्हणजे मध महाबळेश्वरचा, पांढरा म्हणजे कात्रजचा. मुंग्या लागल्या म्हणून त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी सगळी गाडगी एकाच परातीत धुतली. लाल दोऱ्याचा रंग सुटला आणि कात्रजचं अख्खं रान महाबळेश्वरावर चढून बसलं.

दीनानाथ अंघोळ करून येईपर्यंत आप्पासाहेब सरदारांची दासी एक गाडगं घेऊन गेलीही होती.

"कुठलं दिलंस?"

"लाल दोऱ्याचं."

"अगं, सगळेच लाल झालेत."

"मग चुकलं कुठं माझं?"

महाबळेश्वरचं एकच, काठाला टवका उडालेलं गाडगं उरलं होतं. ते फळीवर तसंच होतं. दीनानाथांच्या छातीत मोहोळ उठलं.

दोन दिवसांनी दारात घोडा फुरफुरला. आप्पासाहेबांचा स्वार मच्छिंद्र. हातात भाला, मिशा त्याहून टोकदार.

"चला. सरकारांना मधाचं विचारायचंय."

"जेवायला याल ना?" मथुराबाईंनी आतून विचारलं. दीनानाथांनी वहाणा पायात सरकवल्या.

वाटेत त्यांनी भीतभीत विचारलं, "काय विचारणार असतील?"

"काय की. मागं एकानं तुपात चरबी घातली, त्याला गाढवावर उलटं बसवून पेठ दाखवली."

"तो पेठेतलाच होता ना?"

"उलटी पाहिली नव्हती त्यानं."

आप्पासाहेब लोडाला टेकून बसले होते. पुढ्यात तेच गाडगं, शेजारी एक चांदीची वाटी.

"हा मध महाबळेश्वरचा?"

खरं सांगून मोकळं व्हावं, असं दीनानाथांनी ठरवलं. "सरकार, त्याचं असं झालं..."

"आमचं होऊ द्या आधी. आमचा मच्छिंद्र दरसाल महाबळेश्वरी जाऊन मध आणतो. पंधरवडाभर घोड्यावर असतो बिचारा. त्याचा संपत आला म्हणून तुमचा मागवला. तुम्ही फसवणार, हे धरूनच चाललो होतो." त्यांनी एक बोट मच्छिंद्रच्या मधाच्या वाटीत बुडवलं, एक गाडग्यात. "चव तीच. तसूभर फरक नाही."

दीनानाथांनी हळूच मागं पाहिलं. दारात मच्छिंद्रच्या भाल्याचं टोक वाऱ्यातल्या गवतासारखं हलत होतं. वारा नव्हता.

"आता बोला, काय सांगत होतात?"

दीनानाथांनी पुन्हा भाल्याकडे पाहिलं. "काही नाही. दोरा जरा ओला होता."

"वाळवा मग. आणि आता दोघं बरोबरच जा महाबळेश्वरी. वर्षाचा मध आणा. उद्याच निघा."

परतताना मच्छिंद्र घोड्यावर बसला नाही. लगाम धरून शेजारून चालला. कात्रजचं पाणी येतं त्या हौदापाशी थांबून म्हणाला, "दीनानाथशेट, तुम्हाला मध कोन देतो?"

"कात्रजचा सोनबा."

मच्छिंद्रनं तोंडावर पाणी मारलं. "त्याची वसरी ऐसपैस हाय. पंधरवडा कसा जातो, कळत बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी दीनानाथ वळकटी बांधू लागले.

"कुठं निघालात?" मथुराबाईंनी विचारलं.

"महाबळेश्वरला."

"कुठल्या दोऱ्याच्या?"