बिवलकर काका बढतीला भेटायला येतात

समस्त मराठी मंडळींना कळवण्यात येते की, दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत कुणाला बढती मिळाल्यास त्यांनी ती कटाक्षाने गुप्त ठेवावी. बातमी फुटली की बिवलकर काका भेटायला येतात.

भेटायला म्हणजे, कुणी गेल्यावर येतात तसे. पांढरा झब्बा, पडलेला चेहरा. सोफ्याच्या कडेला टेकायचं, दोन मिनिटं गप्प बसायचं आणि मग हळूच विचारायचं, "कधी कळलं?" चहा नको, पाणीही नको. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, कारण दुःखाच्या घरी पुन्हा यायची भाषा करत नाहीत. मुकाट उठून चालू पडायचं.

करोल बागेत दुसरं दुकान उघडणाऱ्या अरोरांचं काकांनी हिंदीतून असं सांत्वन केलं, की त्यांनी घाबरून गावी फोन लावला, कोण गेलं ते विचारायला.

मार्चमध्ये मी उपसचिव झालो. पंचवीस वर्षं फायली उपसल्यावर! माझ्या बायकोने, वैशालीने, श्रीखंड केलं, वीस माणसं बोलावली. ऐन जेवणात काका हजर. माझा हात हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "आता जेवायला घरी असणार का?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. वीस चमचे जागच्या जागी थांबले.

बरं, हे गृहस्थ स्वतः कोण? सहसचिव होऊन निवृत्त झालेले. सरकारी गाडी, सरकारी बंगला, सगळं उपभोगून झालेलं. एकुलता एक मुलगा सलील गुरुग्रामच्या बड्या कंपनीत. आणि उपदेश आम्हाला! माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

परवा रविवारी सकाळी कळलं, सलील कंपनीचा सर्वेसर्वा झाला. वैशाली म्हणाली, चला, आता आपण भेटायला जाऊ. मी पांढरा शर्ट घातला. तिने आरशासमोर चेहरा पाडायची दोनदा तालीम केली.

दार उघडलं तर काका रेशमी झब्ब्यात. टेबलावर दोन ताटं, आणि सलीलला आवडतात म्हणून स्वतः केलेल्या, वेड्यावाकड्या साटोऱ्या. बहिणीला फोनवर विचारून विचारून केल्या, म्हणाले. सलील जेवायला येणार होता. आम्ही ठरल्याप्रमाणे सोफ्याच्या कडेला टेकलो. मी "कधी कळलं" म्हणणार, एवढ्यात बेल वाजली.

ड्रायव्हर होता. हातात सुक्या मेव्याचा भलामोठा डबा. "साहब नीचे गाड़ी में हैं, कॉल चल रही है. ऊपर नहीं आ पाएँगे."

अहो, चार मजले! लिफ्टला अर्धं मिनिट लागतं! कंपनी चालवणाऱ्या माणसाकडे बापासाठी अर्धं मिनिट नसावं? मी खाली जाऊन त्याची गाडीच अडवणार होतो. पण काकांनी शांतपणे साटोऱ्या सलीलसाठी एका डब्यात भरल्या, दोन वेगळ्या काढून ड्रायव्हरला दिल्या, आणि गाडी गेटबाहेर पडेपर्यंत बाल्कनीत उभे राहिले.

तालीम केलेला चेहरा वैशालीला आता मुद्दाम करावा लागला नाही. आम्ही मुकाट उठलो, चपला घातल्या आणि लिफ्ट गाठली.

दार बंद होणार, तोच काका अनवाणी धावत आले. दारात हात घालून म्हणाले, "अहो, निदान 'येतो' म्हणून तरी जा!"