समासातल्या सासूबाई

गुरुवारी सकाळी बाइंडरने पुस्तकं दाबायचा शिकंजा सैल केला, पुस्तक बाहेर काढलं आणि उघडलं. पानाच्या कडेला शाईने लिहिलं होतं, ‘पुन्हा करप’. पुढचं ‘वलं’ कुठेच नव्हतं.

मंगळवारी शिकंज्यात एकाच मापाची दोन पुस्तकं होती. एक दवाखान्याचं रजिस्टर, त्याच्या कडा कापायच्या होत्या. दुसरं एका गिऱ्हाईक मावशींचं. घर कसं चालवावं हे शिकवणारं जुनं पुस्तक, आणि त्याच्या समासात मावशींच्या सासूबाईंनी आयुष्यभर मारलेले शेरे. याला सुरी लावायची नव्हती. पण कापताना बाइंडरचे हात सुरीवर होते आणि तोंड समोरच्या दुकानाकडे.

समोर मशीनवर बाइंडिंग व्हायचं. बाइंडरच्या दारावर ‘सर्व कामे हाताने’ अशी पाटी होती आणि समोरच्याला तो बारा वर्षं ‘खाटीक’ म्हणत आला होता, तेही त्याला ऐकू जाईल अशा बेताने. मावशी पुस्तक घेऊन आल्या त्या दिवशीही तेच पुराण चालू होतं.

“ते कडेचं लिहिलेलं आहे ना, त्याचं जरा...” मावशी म्हणाल्या.

“काळजीच सोडा, मावशी. एक अक्षर जाऊ देणार नाही. हा समोरचा असता तर घातलं असतं मशीनखाली, की खल्लास.”

मावशींनी आणखी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. बोलणाऱ्याला मध्ये अडवायची त्यांना सवयच नसावी.

आता खाटीक कोण, हे सांगायला कुणी समोरचा लागत नव्हता.

“अगं, कातरणाचं पोतं कुठाय?”

“कपबशीवाल्याला दिलं. दर बुधवारी देते, तुम्हाला आज आठवलं होय?” बायकोने पुस्तक पाहिलं. “अहो, हे तर कापायचं नव्हतं.”

“हळू बोल. समोर ऐकू जाईल.”

“तुमचं बारा वर्षं जातंय, त्याचं काय?”

मावशी शनिवारी पाचला येणार होत्या. दोघं कपबशीवाल्याकडे धावली. त्याने कातरण खोक्याखोक्यांतून कपांभोवती कोंबलं होतं. दोघांनी जमिनीवर फतकल मारून खोकी उपसायला घेतली आणि दुकानदार प्रत्येक कपाला “जपून हं” म्हणत डोक्यावर उभा राहिला. शेरे एकोणचाळीस पानांवर होते. दुकान बंद व्हायच्या वेळेला शाईच्या अडतीस पट्ट्या मिळाल्या.

“एक खोकं कमी आहे,” बाइंडर म्हणाला.

“ते काल गेलं. सहा कपांचा सेट. तुमच्या समोरच्यानेच नेला की.”

घरी येताना बाइंडर म्हणाला, “एक पट्टी मीच लिहितो. शाई तशी करता येते.”

“आणि लिहाल काय? दुसऱ्याच्या सासूच्या मनातलं?”

शुक्रवारी सकाळी त्याने रस्ता ओलांडला. वीस पावलांचा रस्ता, पण पायात मणाच्या बेड्या.

“काका, तुम्ही? या, बसा.”

“बसत नाही. ते कपांचं खोकं... त्यातलं कातरण पाहिजे होतं.”

समोरच्याने खणातून एक पट्टी काढली, घडीही न पडलेली. “ही ना? हाताने लिहिलेलं दिसलं, म्हणून बाजूला ठेवली.” तो हसला नाही. हसला असता तर बाइंडरला बरं वाटलं असतं.

मग खळ आणि पातळ टिश्यू कागद घेऊन दोघं नवरा-बायको बसली. तो अक्षराला अक्षर भिडवायचा, ती जुळलं की नाही ते वाचून सांगायची.

“‘मीठ जास्त.’ जुळलं. ‘हिला डाग काढता येत नाहीत, पाडता येतात.’ जुळलं. ‘सांगून उपयोग नाही.’ अहो, मावशींना हे खरंच हवं असेल?”

“माणसाची आठवण असते ती.”

“माझ्या सासूबाईंनी असं लिहिलं असतं तर मी चुलीत घातलं असतं.”

“माझ्या आईला मध्ये आणू नकोस.”

“त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून वाचलात.”

एकोणचाळीस पट्ट्या लागल्या, तशी ती पानं बाकीच्यांपेक्षा बोटभर बाहेर आली. म्हणजे उरलेल्या एक्क्याऐंशी पानांनाही कोऱ्या पट्ट्या जोडणं आलं. शनिवारी पावणेपाचला पुठ्ठा चढला तेव्हा बाइंडरची बोटं एकमेकांना चिकटत होती.

मावशी आल्या. पुस्तक उघडलं, कडेवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“सगळं आहे?”

“एक अक्षर गेलेलं नाही, मावशी.”

“हो. दिसतंय.” त्या स्टुलावर टेकल्या. “मी आधी समोर गेले होते. म्हटलं, हे लिहिलेलं जाईल अशा कडा कापून द्या. ते म्हणाले, हाताने लिहिलेलं मी कापत नाही. म्हणून तुमच्याकडे आले. सांगत होते तुम्हाला, पण तुम्ही बोलत होतात.”

बायको छताकडे बघत राहिली.

“पुस्तक चांगलंय हो,” मावशी म्हणाल्या. “पण कुठलंही पान उघडा, सासूबाई आहेतच.”

“मावशी, रुग्णसेवेचं प्रकरण वाचलंत का?” बायकोने पान काढून दिलं. समोरच्याकडून आणलेली पट्टी तिथेच होती.

‘माझ्या दुखण्यात सुनेने केले ते मला जमले नसते. तिला सांगू नये.’

मावशींनी दोनदा वाचलं. “त्यांचं दुखणं काढत होते तेव्हा. प्रकरण वाचायला वेळ कुठे होता?” त्यांनी चष्मा पुसला. “नाहीच सांगितलं शेवटपर्यंत. शब्दाच्या पक्क्या.” मग पुस्तक पुढे सरकवलं. “हे एवढं ठेवा. बाकीचं कापा.”

“मावशी, शिवलेलं पुस्तक आहे. एक पान राखून बाकीची सुरीखाली जात नाहीत. आणि ते एकटंच बाहेर येईल.”

“येऊ दे. सापडायला बरं.”

“म्हणजे एकशे एकोणीस पानं, एकेक, हाताने...”

“पाटीवर तेच लिहिलंय ना?” मावशी म्हणाल्या.

समोरचा दारात उभा राहून नव्या कपातून चहा पीत होता. बाइंडरने त्याच्याकडे पाठ केली, तोंड बंद ठेवलं, मोजपट्टी लावून पहिल्या शेऱ्याच्या पानावर सुरी ओढली आणि पान मावशींपुढे धरलं. ‘पुन्हा करप’ एवढं उरलं होतं.

“अजून जरा आत घ्या,” मावशी म्हणाल्या.