अर्ध्यात पाव मिळवल्यावर

टिकलीचे अपूर्णांक कच्चे राहिले तर पुढे तिचं कसं होणार, या काळजीनं तिच्या आईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पालकसभेत बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "हुशार आहे, फक्त घरी जरा लक्ष द्या." यातलं 'हुशार आहे' आईला ऐकूच आलं नाही. 'जरा लक्ष द्या' मात्र उशीवर डोकं टेकल्यापासून कानात वाजत राहिलं. पहाटेपर्यंत टिकली चौथीत नापास होऊन, शाळा सोडून, कुठल्यातरी बेकरीत आठ गिऱ्हाइकांसाठी केकचे सात तुकडे कापत उभी होती.

तेव्हा आईनं ठरवलं, आजपासून गृहपाठ आपण तपासायचा. आता तिचं स्वतःचं गणित म्हणाल, तर बारावीनंतर तिनं त्याच्याशी संबंध तोडले होते. (गणितानंही परत कधी चौकशी केली नव्हती.) म्हणून तिनं स्वयंपाकघराच्या खणातला जाड बटणांचा कॅल्क्युलेटर मदतीला घेतला.

पहिलंच उदाहरण होतं, एक छेद दोन अधिक एक छेद चार. टिकलीचं उत्तर, तीन छेद चार. आईनं बटणं दाबली: एक भागिले दोन, अधिक एक भागिले चार, बरोबर. पडद्यावर आलं ०.३७५.

"चूक," आई म्हणाली.

"पण मी कागदाला घड्या घालून बघितलं!"

"कागदाला काय कळतंय?" शून्य पूर्णांक तीन सात पाच म्हणजे तीन छेद आठ, हे आईला आठवलं. आठवलं याचाच तिला इतका आनंद झाला की पुढचा विचार राहूनच गेला. "तीन छेद आठ. पूस ते."

टिकली पुसेना. "आई, ते तर अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्यात पाव मिळवल्यावर कमी कसं होईल?"

इथे कुठल्याही शहाण्या बाईनं थांबायला हवं होतं. ती थांबली नाही असं नाही. कॅल्क्युलेटरकडे एकदा बघण्यापुरती थांबली.

"होतं कधी कधी," ती ठामपणे म्हणाली. "मोठ्या वर्गात शिकवतील."

टिकलीनं पुसलं. एकेक उदाहरण कॅल्क्युलेटरवर तपासता तपासता सगळं पानच पुसलं गेलं. शेवटी शेवटी कागद फाटला. तिनं नाक ओढत त्यावर चिकटपट्टी लावली, आणि चिकटपट्टीवर पेन्सिल उमटेना म्हणून पुन्हा मुसमुसली. त्या रात्री आईला मात्र गाढ झोप लागली. (याचंच तिला नंतर सगळ्यात वाईट वाटलं.)

सकाळी टिकली शाळेत गेल्यावर तिनं नवऱ्याला आपला पराक्रम सांगितला.

"अर्धा नि पाव, तीन छेद आठ?" त्यानं चहाचा कप ठेवून फोन काढला. फोनवर आलं ०.७५.

"तुझा फोन बिघडलाय."

"थांब, आडवा धरून बघतो." आडव्या फोनवर खंडीभर बटणं उगवली. उत्तर तेच राहिलं.

ऑफिसात पोचल्या पोचल्या, पर्सही न ठेवता, तिनं कॉम्प्युटरवरचा कॅल्क्युलेटर उघडला. ०.३७५! तिनं लगेच फोटो काढून नवऱ्याला पाठवला, खाली लिहिलं, 'आता बोल!'

शेजारच्या टेबलावरची हिशेबनीस मैत्रीण डोकावली. "अगं, हा साध्या मोडवर आहे. तो बटण येईल तसं करत जातो, पुढचं बघत नाही. थांब हं." तिनं कुठेतरी टिचकी मारली आणि तीच बटणं पुन्हा दाबली. ०.७५.

"मशीन तेच आणि उत्तर दुसरं?"

"पहिल्या मोडनं अर्ध्यात एक मिळवला आणि त्या सगळ्याला चारनं भागलं. दुसऱ्यानं भागाकार आधी उरकले. साध्यावर अर्धा नि अर्धा करून बघ ना."

तिनं करून बघितलं. अर्धा नि अर्धा, पाऊण!

मैत्रिणीनं खणातून आणखी एक कॅल्क्युलेटर काढला. त्याला अपूर्णांकाचं वेगळं बटणच होतं. त्यावर दशांशाची भानगडच नाही, सरळ उमटलं तीन छेद चार. अगदी टिकलीनं लिहिलं होतं तसं.

काल रात्रीपासून आईनं घरातल्या, ऑफिसातल्या, खिशातल्या सगळ्या मशीनची मतं विचारली होती. विचारलं नव्हतं ते फक्त एकीला, आणि तिनं न विचारता सांगितलं तेव्हा तिलाच पुसायला लावलं होतं.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली (ती कुठल्याही मोडवर अर्धीच भरते) आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. चूक कबूल केली, तर टिकली पुढे आपलं काही ऐकेल का? आणि नाही केली, तर पोरगी जन्मभर 'मिळवल्यावर कमी होतं' म्हणत बसेल, आणि विचारायचंच सोडून देईल. ही दुसरी भीती मोठी निघाली.

घंटा झाली. टिकली दप्तर ओढत आली.

"सगळी चुकली?" आईनं विचारलं.

"सगळी."

"बाई रागावल्या?"

"नाही. म्हणाल्या, हे तुझं डोकं नाही. कोणाचं आहे?"

आई भर रस्त्यात गुडघ्यावर बसली. "टिकले, माझं चुकलं गं. तुझं सगळं बरोबर होतं. तू विचारलंस ना, कमी कसं होईल, तेव्हाच मी ऐकायला हवं होतं. मी नुसती त्या डबड्याकडे बघत बसले."

टिकलीनं आईचे डोळे आपल्या रुमालानं पुसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाली,

"असू दे. ज्यांचं गणित कच्चं आहे ना, त्यांचा बाई शनिवारी जादा तास घेतात. मी तुझं नाव दिलंय. मी सोडायला येईन, पण आत गेल्यावर रडायचं नाही हं."