नुंत्सियाकडे

वितो लागुआर्दियाच्या तोंडून 'या जेवायला' हे शब्द निघाले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. गळ्यात रुमाल खोचलेला होता आणि हातातला काटा ताटलीपासून वीतभर अंतरावर होता.

डॉक्टरांनी त्याला आठवड्याचे सहा दिवस उकडलेल्या पालेभाजीवर ठेवलं होतं. रविवार तेवढा मोकळा. त्या दिवशी त्याची बायको नुंत्सिया सकाळी सहापासून टोमॅटोच्या रश्श्यात मांसाचे रोल मंद आचेवर शिजवायची. दोऱ्यानं बांधलेले चार रोल, दोन त्याचे, दोन तिचे. सोमवारपासून वितो त्या दोन रोलांच्या आशेवरच दिवस ढकलायचा.

घर लहान आणि उकाडा फार, म्हणून टेबल दारासमोर बोळात मांडलेलं. जेवताना समोरून कुणी गेलं की 'या जेवायला' म्हणायचं आणि त्यानं 'बसा, चालू द्या' म्हणत पुढं जायचं, ही आमच्या पिएत्राफोस्का गावची रीत. आजोबांच्या आजोबांपासून या आमंत्रणावर कुणी खुर्ची ओढल्याचं ऐकिवात नाही.

पण समोरचा माणूस बेर्गामोचा, पार उत्तरेकडचा. नाव एर्मान्नो. बायकोला, म्हणजे ऑर्नेल्लाला घेऊन तो दक्षिणेत खात हिंडत होता आणि त्याचे नियम कडक होते. पाटी असेल तिथं जेवायचं नाही. मेनूकार्डावर फोटो असतील तिथं पाणीसुद्धा प्यायचं नाही. गावातल्या माणसाला विचारायचं. त्यानं चौकातल्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या कानिओला विचारलं, "आजोबा, या गावात सगळ्यात चांगलं जेवण कुठं मिळतं?"

कानिओ नुंत्सियाचा सख्खा मामा. त्यानं खरं तेच सांगितलं. "नुंत्सियाकडे. खालच्या बोळात."

आता आमच्या देशात निम्म्या खानावळींची नावं अशीच, कुणाकडे तरी. एर्मान्नो धावतच सुटला.

"हे नुंत्सियाकडेच ना?" त्यानं बोळात येऊन विचारलं होतं.

"हो. या जेवायला," वितो म्हणाला होता.

"बघ, पाटीसुद्धा नाही!" असं बायकोला म्हणत एर्मान्नोनं खुर्ची ओढली.

वितो 'बसा, चालू द्या'ची वाट बघत राहिला. तेवढ्यात नुंत्सिया पाव घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याच्या कानाशी वाकली. "कोण रे हे?"

"मला काय माहीत!"

"आम्हाला कानिओ आजोबांनी पाठवलं," एर्मान्नो हसून म्हणाला.

"मामानं?" नुंत्सिया एकदम सरळ झाली. "अरे, मग बघत काय बसलायस? आणखी दोन ताटल्या आण!"

वितोनं ताटल्या आणल्या. मग पाणी आणलं, मग वाइन आणली. एर्मान्नोनं त्याला आणखी पाव मागितला आणि "इथली माणसं चटपटीत आहेत हं" असं बायकोला सांगितलं. पाहुणा आपल्यालाच का राबवतोय, हे वितोला कळेना. आधी त्याच रश्श्यातला पास्ता झाला. नुंत्सियानं पाहुण्यांना एकेक रोल वाढला, आणि भांड्यात दोन उरलेले वितोनं डोळ्यांनी मोजून घेतले.

आणि इथं त्याच्या जिभेनं पुन्हा घात केला. पाहुण्याची ताटली रिकामी दिसली की आमच्या माणसाला राहवत नाही.

"आणखी एकेक घ्या की," वितो म्हणाला.

आमच्याकडे यावर दोनदा नको म्हणतात. एर्मान्नो म्हणाला, "वाढा."

तोवर ऑर्नेल्ला हात धुऊन आतून आली होती. ती कुजबुजली, "एर्मान्नो, आत भिंतीवर लग्नाचा फोटो आहे. आणि बाथरूममध्ये ग्लासात कवळी ठेवलीय."

"अगं, म्हणजेच अस्सल जागा!" एर्मान्नोनं रोल कापला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. "बाई, यात काय घातलंय हो?"

नुंत्सिया भांडं खाली ठेवून जवळ आली. "काही नाही... मेंढीच्या दुधाचं चीज, लसूण. आणि चार मनुका. मनुकांचं कुणाला सांगू नका."

"मनुका?" वितो म्हणाला.

ताटली पावानं लख्ख पुसून झाल्यावर एर्मान्नोनं बोट वर केलं. "वा! आता बिल आणा."

समोरच्या खिडकीतली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. घरच्या जेवणाचं बिल मागणं म्हणजे आमच्याकडे जन्माचं वैर.

"बिल? कसलं बिल?" नुंत्सियाचा आवाज चढला.

"मी सांगत नव्हते?" ऑर्नेल्लानं कपाळाला हात लावला. "हे घर आहे, घर!"

एर्मान्नोचा चेहरा रश्श्यासारखा लाल झाला. "पण हेच म्हणाले ना, या जेवायला!"

"अहो, ते म्हणायचं असतं!" वितो ओरडला. "यायचं नसतं!"

"म्हणजे माझ्या दारात तू लोकांना खोटं खोटं बोलावतोस?" नुंत्सिया म्हणाली.

एर्मान्नो उभा राहून दहा वेळा माफी मागत होता. "पण बाई, खरं सांगतो," तो शेवटी म्हणाला, "इतकं चांगलं मी आयुष्यात जेवलो नाही."

नुंत्सियानं कमरेला बांधलेल्या एप्रननं डोळे पुसले. मग ठणकावून म्हणाली, "उद्या हरभऱ्याचा पास्ता करणार आहे. एक वाजता यायचं, दोघांनीही. हे मी बोलावतेय."

पाहुणे गेले तेव्हा वितो रिकाम्या भांड्याकडे बघत बसला होता. "माझे दोन्ही रोल, नुंत्सिया! त्या अनोळखी माणसाला!"

"त्या अनोळखी माणसानं विचारलं, यात काय घातलंय. तीस वर्षांत तू काय विचारलंस? 'आणखी आहे का?' एवढंच."

तिचं खरं होतं, आणि ते त्याला लागलं. रविवारी संध्याकाळभर आणि सोमवारी सकाळभर तो त्यावर विचार करत होता.

सोमवारी एक वाजता पाहुण्यांपुढं हरभऱ्याचा वाफाळता पास्ता आला आणि वितोपुढं उकडलेली पालेभाजी. त्यानं एक घास घेतला, डोळे मिटले आणि जमेल तेवढ्या गोड आवाजात विचारलं, "नुंत्सिया, यात काय घातलंयस गं?"

"पाणी," नुंत्सिया म्हणाली.